पाचवीचा कोरा कागद

पत्र असं आलंय:

"ताई, माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. ऐकण्याची बेरा टेस्ट झाली, मग रक्ताची पण झाली, डॉक्टर म्हणाले जनुकीय आहे, जन्मापासूनच, तुम्हाला दोघांना नीट ऐकू येत असलं तरी असं होतं. तेव्हापासून घरात जो तो येऊन मला एक एक शब्द देऊन जातोय. सासूबाई म्हणतात प्रारब्ध आहे. माझी आई फोनवर रडते, म्हणते आपलं नशीबच फुटकं. चुलत सासूबाई म्हणाल्या ज्याचे त्याचे भोग असतात, आणि मी चहा ठेवायला आत गेले तर बाहेर हळूच 'कपाळकरंटी' पण म्हणाल्या, मला ऐकू आलं. मिस्टर म्हणतात योगायोग आहे, विचार करू नको. मी शाळेत मराठी शिकवते. दरवर्षी फळ्यावर समानार्थी शब्द म्हणून लिहिते, नशीब, दैव, भाग्य, प्रारब्ध, नियती. आता मलाच कळत नाही की हे सगळे एकच आहेत का, आणि नसतील तर माझ्या बाळाला यातला कुठला लागतो. अजून एक. पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद आणि पेन मीच हट्टाने ठेवायला लावलं होतं. रात्री जाग आली की तोच कागद डोळ्यासमोर येतो. नाव छापू नका. मला अगं-तुगं केलंत तरी चालेल."

अगं,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं सगळं सोडून तुला भेटायलाच यावं. पण तू शब्दांचा अर्थ विचारलायस आणि ते अगदी योग्य विचारलंयस, कारण आत्ता तुझ्या घरात त्या कानांइतकंच या शब्दांनीही दुखतंय, म्हणून मी शब्दांबद्दलच लिहिणारे, लांबेल थोडं, बाळ झोपलं की वाच.

पहिलं सांगून टाकते, ते एकच नाहीत. फळ्यावर ठीक आहे, एका मार्काला चालून जातं, पण माणूस तोंडाने बोलायला लागला की लगेच कळतं की प्रत्येकाची जागा वेगळी आहे. 'दैव बलवत्तर म्हणून वाचला' असं म्हणतात, 'भोग बलवत्तर म्हणून वाचला' असं कोणी म्हणणार नाही. 'भाग्य उजळलं' होतं, 'प्रारब्ध उजळलं' होत नाही. 'नशीब काढलं' होतं, 'नियती काढली' कधीच नाही. तुझ्या घरात चार माणसांनी पाच वेगळ्या गोष्टी बोलल्यात, आणि तू त्या सगळ्या एकाच अर्थाने अंगाला लावून घेतल्यास, म्हणून एवढं ओझं झालंय.

तुझ्या आईचा शब्द आधी घेते. नशीब. हा अरबीतून फारसीमार्फत आपल्याकडे आला, मूळ 'नसीब'. आपण मराठी माणसांनी त्यातला स चा श केला, जसं सिपाहीचं शिपाई केलं, सिफारिशचं शिफारस, तफसीलचं तपशील, तसंच हे. मग त्याला नशिबाला, नशिबात अशी आपली रूपं लावली आणि आता तो इतका घरचा झालाय की बाहेरून आलाय हे सांगावं लागतं. पण मुळात नसीब म्हणजे काय माहितीये, वाटा. हिस्सा. कुराणात वारसाहक्काबद्दलची जी आयत आहे, की आईवडील आणि नातेवाईक मागे ठेवून जातात त्यात पुरुषांना वाटा आहे आणि बायकांनाही वाटा आहे, तिथे हाच शब्द आहे. म्हणजे मिळकतीची वाटणी झाल्यावर जो तुकडा आपल्याकडे आला तो नसीब. किस्मत पण तसाच शब्द, वाटप करणे या धातूपासूनचा.

आणि आता आपला संस्कृत शब्द घे, भाग्य. हा भज् वरून, भज् म्हणजे वाटून देणे, त्यातूनच भाग, विभाग, भागाकार. त्याच धातूचा भक्त, आणि भक्त या शब्दाचा संस्कृतमध्ये एक अर्थ वाटून दिलेलं अन्न, शिजवलेला तांदूळ असा होता, तो प्राकृतातून घसरत घसरत आपल्या ताटात भात होऊन बसला. भाग्य आणि भात एकाच घरचे आहेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस भात वाढताना थांबायचे. आणि हे सगळं सोडून दे, आपल्या आज्या साध्या मराठीत काय म्हणायच्या, 'माझ्या वाट्याला हेच आलं'. वाट्याला! म्हणजे तिकडे अरबस्तानात, इकडे संस्कृतात आणि आपल्या माजघरात, तिन्हीकडे लोकांनी या गोष्टीला एकच नाव ठेवलं, वाटा.

आता हे तुझ्या बाळाला लावून बघ, आणि नीट वाच कारण तुझ्या पत्रात एक भीती लपलीये जी तू लिहिली नाहीस. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून एक बाबांकडून. ऐकण्यासाठी लागणाऱ्या एखाद्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असली आणि दुसरी चांगली असली तरी बऱ्याचदा माणसाला व्यवस्थित ऐकू येतं, आयुष्यभर कळत पण नाही आपल्याकडे अशी प्रत आहे. डॉक्टर तुम्हा दोघांबद्दल बोलले ते बहुतेक हेच असणार. दोघांकडेही तशी एकेक प्रत असली तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते की बाळाकडे दोन्ही बिघडलेल्या प्रती जातील. यात तू काय खाल्लंस, ग्रहणात भाजी चिरलीस का, सातव्या महिन्यात कुणाच्या मयताला गेलीस का, याचा काडीचा संबंध नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांच्या आईवडिलांना चांगलं ऐकू येतं. म्हणजे तुझं घर वेगळं नाही, हे असंच होतं. आणि बघ ना, ही शब्दशः वाटणीच आहे, तुझ्यातलं अर्धं आणि त्यांच्यातलं अर्धं. म्हणून आई 'नशीब' म्हणाली तर शब्द चुकला नाही तिचा. 'फुटकं' तेवढं चुकलं. वाटा आलाय, तो अवघड आहे. फुटलेलं काही नाही.

सासूबाईंच्या शब्दाकडे येते. प्रारब्ध ऐकलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं ना, शेवटचा निकाल लागल्यासारखं. पण तू मराठी शिकवतेस, फोड करून बघ. प्र, आ, रभ्. प्रारंभ ज्या धातूचा तोच. प्रारब्ध म्हणजे 'सुरू झालेलं', इतकंच. आरंभाचा शब्द आहे गं तो, आपण त्याला शेवटाचा करून टाकलाय. प्राक्तन पण असाच भारदस्त वाटतो, नुसतं 'पूर्वीचं' एवढाच अर्थ, पुरातन सनातन मधला तन.

आणि प्रारब्ध हा एकटा शब्द नाहीये. वेदान्तात तो तिघांमध्ये येतो, संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. संचित म्हणजे साठलेलं, प्रारब्ध म्हणजे त्यातलं सुरू झालेलं, आणि क्रियमाण म्हणजे आत्ता केलं जात असलेलं. जुन्या लोकांचा दृष्टांत बाणांचा, भात्यातले बाण ते संचित, सुटला तो प्रारब्ध, आणि आत्ता धनुष्याला लावलेला तो क्रियमाण. सुटलेला परत आणता येत नाही हे खरं, कोणी नाही म्हणत नाही. पण आपल्या बोलण्यात काय झालं, आपण तिघांतला मधला उचलला आणि बाकीचे दोघे कीर्तनात सोडून आलो. कुणाच्या घरी संकट आलं की 'प्रारब्ध' म्हणायला दहा माणसं येतात, 'क्रियमाण काय करायचं' हे विचारायला एक पण येत नाही. माझं मत विचारशील तर ज्याने पहिला शब्द उच्चारला त्याच्यावर दुसऱ्याची पण जबाबदारी येते.

सासूबाई गीता वाचतात का माहीत नाही, वाचत असतील तर अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक त्यांच्याबरोबर बसून वाच. कुठलंही काम तडीस जायला पाच गोष्टी लागतात असं तिथे सांगितलंय, अधिष्ठान म्हणजे जागा, कर्ता, साधनं, वेगवेगळ्या खटपटी, आणि 'दैवं चैवात्र पञ्चमम्', दैव पाचवं. आहे, नाकारलेलं नाही, पण पाचवं. आधीच्या चार जागा माणसाच्या आणि त्याच्या साधनांच्या आहेत.

पण एक गोष्ट तुला सांगायचीच आहे, तुला आवडणार नाही कदाचित. त्या 'प्रारब्ध' म्हणाल्या ते तुला टोचायला म्हणाल्या असं तू धरून चाललीयेस. मला पत्रावरून तसं वाटत नाही. आपल्याकडच्या त्या पिढीच्या बायकांना 'तुझी चूक नाही' हे वाक्य म्हणताच येत नाही गं, त्यांना कोणी ते कधी म्हटलंच नाही तर येणार कुठून. मग त्या प्रारब्ध म्हणतात. म्हणजे कारण इथलं नाही, या घरातलं नाही, तुझ्या पोटातलं नाही, लांब कुठेतरी मागचं आहे, तू सुटलीस. माझी आजी तर दूध नासलं तरी प्रारब्ध म्हणायची, आणि माझं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा पण तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवत तेच म्हटलं, आणि मला त्या दिवशी तो शब्द पांघरुणासारखा वाटला होता. हाच शब्द दाराशी उभं राहून, हात न लावता कोणी म्हटला असता तर मी तो सहन केला नसता. म्हणून शब्दकोश बंद करून आधी हे बघ की शब्द म्हणताना माणूस कुठे उभं होतं आणि त्याचा हात कुठे होता.

भोग या शब्दाला मात्र मी इतकी सवलत देणार नाही.

म्हणजे शब्द वाईट आहे असं नाही. भुज् वरून, भोजन ज्याचं तेच. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण भोगी करतो ना, सगळ्या भाज्यांची मिसळ, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणतात, तीच भोगी आणि तोच भोग. जे समोर येतं ते खाणं, अनुभवणं, गोड कडू दोन्ही. मराठी बोलण्यात हळूहळू गोड गळून गेलं आणि कडूच उरलं. आणि लोक लगेच तुकोबांचा अभंग तोंडावर फेकतात, 'आलिया भोगासी असावे सादर', आणि तिथेच थांबतात. पुढे 'देवावरी भार घालूनियां' आहे, आणि त्याच्यापुढे तो कृपासिंधू संकट निवारेल हा भरवसा आहे. आणि मुख्य म्हणजे म्हणतंय कोण ते बघ. ज्या माणसाची बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली असं तो स्वतः सांगतो, तो माणूस म्हणतोय. भोग हा ज्याने भोगलाय त्याने स्वतःबद्दल म्हणायचा शब्द आहे. सोफ्यावर बसून, हातात दुसरीने केलेला चहा घेऊन, चौदा महिन्यांच्या लेकराबद्दल म्हणायचा नाही. कारण दुसऱ्याबद्दल म्हटलं की त्यात आपोआप येतं की त्याने काहीतरी केलं असणार म्हणून भोगतोय, आणि ते लेकरू तर अजून धड उभं पण राहत नसेल.

आणि 'कपाळकरंटी'. हा तर वेगळ्याच पेटीतला शब्द. आपल्या भाषेत नशिबाचे शब्द बायकांवर चिकटवायची एक पूर्ण पेटीच आहे बघ. पांढऱ्या पायाची. पायगुण. कपाळ पांढरं. अवदसा, जो मूळचा अवदशा, ज्योतिषातली वाईट दशा, म्हणजे ग्रहाची दशा उचलून बाईचं नाव करून टाकलं. पायगुण तर नव्या सुनेचाच बघतात, जावई पहिल्यांदा घरात आला आणि दुसऱ्या दिवशी म्हैस मेली तर कोणी जावयाचे पाय बघत नाही. आणि चांगल्या अर्थाने बोलताना सुद्धा कसं बोलतो, मुलगा मोठा झाला की 'पोरानं नाव काढलं', मुलगी चांगल्या घरी पडली की 'पोरीनं नशीब काढलं'. त्याने नाव काढलं म्हणजे त्याने काहीतरी केलं, तिने नशीब काढलं म्हणजे तिच्या बाबतीत काहीतरी झालं. वर्षानुवर्षं मी पण हे बोलत आलेय. आता मुद्दाम उलटं बोलते, भाचीला एमपीएससीत पोस्ट मिळाली तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं की पोरीनं नाव काढलं.

चुलत सासूबाईंना तू काय उत्तर द्यावंस हे तू विचारलं नाहीस. पण मी सांगते, पुढच्या वेळी चहा मिस्टरांना ठेवायला सांग आणि तू बाहेर बस. समोर बसलेल्या आईला तो शब्द म्हणायला फार कमी लोकांची जीभ उचलते. तरी म्हणाल्याच तर एवढंच म्हण, काकू, हे जनुकांनी झालंय, आम्हा दोघांकडून आलंय, कपाळाचा विषय नाही. 'दोघांकडून' हा शब्द नीट ऐकू जाऊ दे.

मिस्टरांचा योगायोग. मला त्यांची काळजी वाटते, खरं सांगू. योग हा आपला सगळ्यात मऊ शब्द, लग्न मोडलं तरी 'योग नव्हता', भेट राहिली तरी 'योग नव्हता', कुणालाच दोष लागत नाही. योगायोग म्हणजे दोन गोष्टी एका जागी आल्या, ठरवून नाही, कर्मधर्मसंयोगाने म्हणतात तसं. तुमच्या दोघांच्या त्या दोन प्रती एका जागी आल्या, त्या अर्थाने घरातला सगळ्यात शास्त्रीय शब्द त्यांचाच आहे. पण त्याला त्यांनी 'विचार करू नको' जोडलंय, आणि हे जोडणारा माणूस बऱ्याचदा स्वतः रात्रभर विचार करत असतो. त्यांच्याकडून पण अर्धं आलंय, त्यांना पण कुणीतरी काहीतरी शब्द दिला असेल ऑफिसात, कट्ट्यावर. एकदा विचार त्यांना.

नियती तुझ्या घरात कोणी म्हटली नाही, पण तुझ्या फळ्यावर आहे म्हणून सांगते. नि आणि यम्, नियम, नियंत्रण त्याच घरचे. आवळून धरलेलं. बुद्धाच्या काळात मक्खली गोसाल नावाचे आजीवक पंथाचे एक मोठे आचार्य होते, त्यांचं म्हणणंच होतं की सगळं नियतीने बांधलेलं आहे, दोऱ्याचा गुंडा फेकला की संपेपर्यंत तो उलगडतच जातो, तसं माणसाचं, प्रयत्नाने काहीही बदलत नाही. बुद्धाने या मताला फार कडाडून विरोध केला. आणि आज हा शब्द कुठे जिवंत आहे तर बातम्यांमध्ये, 'नियतीच्या मनात वेगळंच होतं', 'काळाने घाला घातला', 'दुर्दैवी अंत'. माझा चुलतभाऊ बाईकवरून गेला, रात्री, रस्त्याच्या मधोमध खणलेला चर होता, ना दिवा ना बॅरिकेड, दुसऱ्या दिवशी पेपरात 'नियतीने हिरावले'. माझे वडील पेपर घडी करून ठेवत म्हणाले, नियतीने नाही, चराने. तेव्हापासून मी एक करते, असा शब्द दिसला की त्याच्यामागे कुणाचा हात लपलाय का ते बघते. जिथे कुणाचा हात आहे, तिथे मी नशिबाचा कुठलाच शब्द वापरत नाही, माणसाचं किंवा खात्याचं नाव घेते. जिथे खरोखर कुणाचाच हात नाही, तिथे तो शब्द वापरायला मला काही वाटत नाही, उलट तो तिथलाच आहे. तुझ्या बाळाच्या बाबतीत कुणाचा हात नाही. म्हणून मला विचारशील तर वाटा म्हण, वाट्याला आलं म्हण.

आता तो कागद.

सटवाई म्हणजे षष्ठी. षष्ठीचं सटी झालं, चंपाषष्ठीला गावाकडे सट म्हणतात तेच, तिकडे बिहारात त्याच षष्ठीचं छठ झालं. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या नाहीतर सहाव्या रात्री ती येते आणि कपाळावर लिहून जाते असं मानतात, म्हणून आपण पाटा वरवंटा पुजतो, कागद पेन ठेवतो, रात्री बाळाजवळ कोणीतरी जागं राहतं. 'पाचवीला पुजलेलं' हा वाक्प्रचार यातूनच आला, दुष्काळ आमच्या पाचवीलाच पुजलेला वगैरे. पण त्या रात्रीमागे काय होतं याचा विचार कर. जुन्या काळी जन्मल्यापासून पहिल्या आठवड्यात किती बाळं जायची. नाळ विळ्याने कापायचे, मग धनुर्वात व्हायचा, आणि त्याची लक्षणं साधारण याच दिवसांत दिसायची. पाचवी सहावी रात्र खरोखरच भीतीची रात्र होती, आणि घरातल्या बायकांच्या हातात काहीच नव्हतं, जागं राहणं सोडून. त्यांनी त्या भीतीला एक देवी दिली आणि तिच्यासमोर कोरा कागद ठेवला. लिहिलेला नाही ठेवला. तिला सांगितलं, अजून काही ठरलेलं नाही, बाई, चांगलं लिही.

तू पण तेच केलंस. तू हट्ट धरलास म्हणजे तुला त्याचं चांगलं व्हावं असं इतकं वाटत होतं. त्या कागदाने काही केलेलं नाही. आणि बेरा टेस्टमध्ये जे दिसलं ते पाचवीच्या कितीतरी आधीचं आहे, नऊ महिन्यांच्याही आधीचं, पहिल्या क्षणाचं. सटवाई यायच्या आधीच ती वाटणी झालेली होती. तो कागद सापडला तर बघ, कोराच असेल, सकाळी सगळ्यांचेच कोरे असतात.

शब्दांचं झालं, आता जे पाचातलं पाचवं नाही त्याबद्दल दोन शब्द, थोडक्यात, कारण डॉक्टर तुला हे जास्त चांगलं सांगतील. ऐकण्याच्या बाबतीत वय फार मोठी गोष्ट आहे. डॉक्टर लोकांत एक, तीन, सहा असं गणित आहे, पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू. तुम्ही चौदाव्या महिन्यात आहात, उशीर झालाय म्हणून रडत बसू नको, पण इथून पुढचा प्रत्येक महिना मोलाचा आहे. श्रवणयंत्र, त्याच्याने भागलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, स्पीच थेरपी, आणि खाणाखुणांची भाषा, यातलं काय कधी ते ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकण्याच्या तज्ज्ञाला विचारा. इम्प्लांटचा खर्च ऐकून घाबरू नका, लहान मुलांसाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मदत मिळते, त्याला वयाची अट असते म्हणून आत्ताच चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, वाचा आणि श्रवण यावरच काम करते. आणि पुढचं मूल हवं असेल तर आधी जेनेटिक काउन्सिलरला भेटा, ते चारात एक वालं गणित तुमच्या रिपोर्टवरून तुम्हाला नीट समजावतील.

तुझ्या फळ्याचं पण सांगते, कारण तू शिक्षिका आहेस आणि सुट्टी संपली की परत तो धडा येणारच. ती यादी लिहायची असेल तर लिही, परीक्षा आहे. पण नंतर मुलांना प्रत्येक शब्दाचं एकेक वाक्य करायला लाव, आणि मग एका वाक्यातला शब्द उचलून दुसऱ्यात ठेवायला लाव. कुठे बसतो, कुठे बोचतो, त्यांना कानाने कळेल.

आणि सासूबाईंचं. त्यांच्याशी वाद घालू नको, प्रारब्ध म्हणू दे. फक्त एकदा, बाळ त्यांच्या मांडीवर असताना विचार, आई, प्रारब्ध म्हणजे सुरू झालेलं, मग आता आपण काय करायचं. आणि श्रवणयंत्राच्या ट्रायलला त्यांना बरोबर घेऊन जा. तिथे यंत्र लावल्यावर घरच्यांना हाक मारायला सांगतात बऱ्याचदा. पहिल्या दिवशी बाळ वळेल न वळेल, काही मुलं नुसती दचकतात, काही रडतात, काहींना कळायला महिने लागतात, मनाची तयारी ठेवून जा. पण पहिली हाक त्यांना मारू दे. चौदा महिने त्या त्याला नावाने हाक मारतायत आणि ती त्याच्यापर्यंत पोचलेली नाही, हे त्यांनी तुला कधी बोलून दाखवलं नसेल.

मला कळव काय झालं ते.